भूमिगत कोळसा खाणींतील सुरक्षा अंतरे

भूमिगत कोळसा खाणीत खोदकाम करताना पाणी, जुने खोदकाम, शेजारची खाण, नदीपात्र, लोहमार्ग, इमारती, हालते यंत्र इत्यादींपासून कायद्याने किमान जेवढे अंतर राखावे लागते, त्यास सुरक्षा अंतर असे म्हणतात. दोन खांबांमधील, दोन थरांमधील व खाणीच्या दोन निर्गममार्गांमधील किमान अंतर, तसेच वाहतूक मार्गावर माणसासाठी राखायची मोकळी जागा यांचाही समावेश याच संकल्पनेत होतो. भारतात ही अंतरे खाण अधिनियम, १९५२ खाली केलेल्या विनियमांनी ठरविली आहेत. महाराष्ट्रात त्यांचा संबंध प्रामुख्याने विदर्भातील वर्धा खोरे, कामठी व उमरेड या कोळसा क्षेत्रांशी येतो.

संकल्पना

उघड्या जागेवर धोक्यापासून दूर राहणे सोपे असते, कारण धोका डोळ्यांना दिसतो. भूगर्भात तसे नसते. कोळशाच्या भिंतीपलीकडे अखंड कोळसा आहे, की पाण्याने भरलेली जुनी पोकळी आहे, हे भिंतीकडे पाहून सांगता येत नाही. त्यामुळे भूमिगत खाणीत अंतर राखणे याचा अर्थ बहुतेक वेळा न दिसणाऱ्या गोष्टीपासून दूर राहणे असा होतो. त्यासाठी नकाशा, मोजणी व आगाऊ पाडलेली भोके हीच साधने असतात.

सुरक्षा अंतरांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात न खोदता सोडलेल्या कोळशाची किंवा खडकाची जाडी येते. शेजारच्या खाणीच्या हद्दीलगत सोडलेली अखंड भिंत हे त्याचे उदाहरण होय. खाणकामगार तिला ‘बॅरिअर’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात विशिष्ट स्थानाजवळ पोहोचल्यावर काम थांबवून परवानगी घेण्याची मर्यादा येते. तिसऱ्या प्रकारात माणसाच्या हालचालीसाठी ठेवायची मोकळी जागा येते. पहिल्या दोन प्रकारांत कोळसा गमवावा लागतो अथवा काम लांबते. म्हणून उत्पादन व सुरक्षितता यांतील ताण या अंतरांच्या ठिकाणी सर्वाधिक जाणवतो.

कायदेशीर चौकट

भारतात खाणींविषयीचा पहिला कायदा १९०१ साली झाला. स्वातंत्र्यानंतर खाण अधिनियम, १९५२ लागू झाला आणि त्याखाली कोळसा खाण विनियम, १९५७ तयार करण्यात आले. पुढे साठ वर्षे देशातील कोळसा खाणींचे काम या विनियमांनुसार चालले. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोळसा खाण विनियम, २०१७ यांनी त्यांची जागा घेतली. नव्या विनियमांनी प्रत्येक खाणीस स्वतंत्र सुरक्षा व्यवस्थापन योजना बंधनकारक केली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत खाण अधिनियमाचा विषयही समाविष्ट आहे.

या नियमांच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम खाण सुरक्षा महासंचालनालय करते. त्याचे मुख्यालय धनबाद येथे आहे. खाणीत प्रत्यक्ष जबाबदारी व्यवस्थापक, ओव्हरमन, माइनिंग सरदार व सर्वेक्षक यांच्यावर असते.

या लेखात दिलेली अंतरे १९५७ च्या विनियमांतील आहेत. एखाद्या खाणीत आज नेमके कोणते अंतर लागू आहे, हे प्रचलित विनियम व त्या खाणीस मिळालेल्या परवानगीतील अटी यांवरून ठरते.

विदर्भातील पार्श्वभूमी

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोरा येथे काढला जाऊ लागला. तो वाहून नेण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ हा लोहमार्ग घालण्यात आला. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, माजरी, राजूर, घुग्घुस या भागांत खाणी निघाल्या. १९७३ साली कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या कंपनीचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर व हिंगणघाट हे तालुके या खाणपट्ट्यांच्या मधोमध येतात. समुद्रपूरच्या दक्षिणेस वरोरा–माजरी–चंद्रपूर हा पट्टा, तर ईशान्येस उमरेड आहे.

या प्रदेशातील भूरचनेमुळे सुरक्षा अंतरांना विशेष महत्त्व येते. येथील कोळसा गोंडवन काळातील बराकार स्तरसमूहात आढळतो. त्यावर अनेक ठिकाणी कामठी स्तरसमूहाचा वालुकाश्म आहे. कामठी गावावरूनच हे नाव पडले. हा खडक पाणी धरून ठेवतो. वर्धा खोऱ्यातील मुख्य थर बराच जाड असल्याने तो एकाच वेळी पूर्ण उंचीने न काढता वरचा व खालचा असे भाग पाडून काढावा लागतो. शिवाय वर्धा, इरई, कन्हान या नद्या खाणक्षेत्रांतून अथवा त्यांच्या लगत वाहतात. येथील कोळसा हवेच्या संपर्कात आपोआप तापून पेट घेण्याची शक्यताही असते.

पाण्यापासूनचे अंतर

भूपृष्ठावरील पाणी : खाणीच्या प्रवेशमुखाचा सर्वांत खालचा बिंदू त्या ठिकाणच्या ज्ञात महत्तम पूररेषेपेक्षा किमान १.५ मीटर उंच असावा लागतो. नदी, कालवा, तलाव अथवा अन्य जलाशय यांच्या थेट खाली, तसेच त्यांच्या काठापासून १५ मीटर क्षैतिज अंतराच्या आत, पूर्वपरवानगीशिवाय भूमिगत खोदकाम करता येत नाही.

जुन्या खोदकामातील पाणी : बंद पडलेल्या गॅलऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे पाणी साचते. असे जुने खोदकाम त्याच खाणीचे असो वा शेजारच्या, त्याच थरातील असो वा वरच्या, ते तपासून पाणी नसल्याची खात्री झालेली नसेल, तर त्याच्यापासून ६० मीटरवर पोहोचताच काम थांबवावे लागते. लेखी परवानगीशिवाय ते पुढे नेता येत नाही. हे अंतर आडवे, उभे अथवा तिरपे, कोणत्याही दिशेने मोजलेले सर्वांत कमी अंतर असते.

परवानगी मिळाल्यावरही काम नेहमीच्या पद्धतीने करता येत नाही. गॅलरीची उंची व रुंदी प्रत्येकी २.४ मीटरहून अधिक ठेवता येत नाही. कोळशाच्या तोंडावर मध्यभागी पुढच्या दिशेने किमान एक भोक आणि दोन्ही बाजूंना तिरपी भोके पाडून मगच पुढे सरकावे लागते. आवश्यकतेनुसार छतात व तळातही भोके घेतली जातात. ही भोके खोदकामाच्या किमान ३ मीटर पुढे असलीच पाहिजेत. पलीकडे पाणी असेल तर ते प्रथम या अरुंद भोकातून येते आणि भोक खुंटीने बंद करून माणसे मागे हटू शकतात.

अशा पाण्याचा जोर किती असतो हे साध्या हिशेबाने कळते. दर १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम असतो. जुन्या गॅलऱ्यांत ६० मीटर उंचीपर्यंत पाणी साचले असेल, तर मधल्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे ६० टन भार येतो. भिंत पातळ झाल्यावर ती हळूहळू पाझरण्याऐवजी एकदम फुटण्याची शक्यता यामुळेच असते.

खांब व गॅलऱ्या यांची मापे

भारतातील बहुतेक भूमिगत खाणींत ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धत वापरली गेली आहे. या पद्धतीत कोळशाच्या थरात एकमेकींना छेदणाऱ्या गॅलऱ्या काढतात आणि त्यांच्यामध्ये कोळशाचे चौकोनी खांब ठेवतात. वरच्या खडकाचे वजन हे खांब तोलून धरतात. नियमानुसार गॅलरीची रुंदी ४.८ मीटरहून आणि उंची ३ मीटरहून अधिक नसावी. लगतच्या दोन खांबांच्या मध्यबिंदूंमधील किमान अंतर खोली व गॅलरीची रुंदी यांनुसार बदलते. गॅलरी ४.८ मीटर रुंद असल्यास ते पुढीलप्रमाणे असते :

- ६० मीटरपर्यंत खोली : १९.५ मीटर
- ९० ते १५० मीटर खोली : २५.५ मीटर
- ३६० मीटरहून अधिक खोली : ४८ मीटर

याचा परिणाम कोळशाच्या उपलब्धतेवर होतो. ६० मीटर खोलीवर खांबाची बाजू १४.७ मीटर असते, म्हणजे गॅलऱ्यांतून सुमारे ४३ टक्के कोळसा निघतो व ५७ टक्के खांबांत राहतो. ३६० मीटरहून खाली खांबाची बाजू ४३.२ मीटर असते व गॅलऱ्यांतून केवळ १९ टक्के कोळसा मिळतो. खाण जितकी खोल, तितका कोळसा छत तोलण्यासाठी अधिक ठेवावा लागतो.

खांबांतील कोळसा नंतर ठरावीक क्रमाने काढला जातो. यास ‘डिपिलरिंग’ म्हणतात. हे काम परवानगीने व वेगळ्या आधारव्यवस्थेने करायचे असते. परवानगीशिवाय खांबांच्या बाजू थोड्या थोड्या खरवडून नेणे धोकादायक असते, कारण खांब वरून शाबूत दिसला तरी त्याची भार पेलण्याची क्षमता घटलेली असते आणि एका खांबाचा भार शेजारच्या खांबांवर जातो.

थर, हद्द व भूपृष्ठावरील बांधकामे

एकाखाली एक असलेल्या दोन थरांत, किंवा जाड थराच्या दोन भागांत, काम चालू असेल तर त्यांच्यामध्ये किमान ३ मीटर जाडीचा खडक अथवा कोळसा अखंड ठेवावा लागतो. ही जाडी ९ मीटरहून कमी असेल, तर वरचे व खालचे खांब शक्यतो एका उभ्या रेषेत ठेवावे लागतात. वरचा खांब खालच्या गॅलरीवर आला, तर त्याचा सर्व भार त्या गॅलरीच्या छतावर येतो. वर्धा खोऱ्यातील जाड थरांच्या बाबतीत हा नियम विशेष लागू पडतो.

खाणीच्या हद्दीपासून ७.५ मीटरच्या आत खोदकाम करण्यास मनाई आहे. शेजारच्या खाणीनेही तेवढेच अंतर सोडल्यास दोन खाणींमध्ये १५ मीटरची भिंत उरते.

लोहमार्ग, सार्वजनिक रस्ते, इमारती व खाणमालकाच्या मालकीची नसलेली अन्य कायम बांधकामे यांच्यापासून ४५ मीटरच्या आत खोदकाम करण्यासाठी किंवा खांब काढण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. या नियमाचा संबंध खाणीत कधीही न उतरणाऱ्या नागरिकांच्या जीविताशी येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई प्रभागातील एक राहते घर अचानक जमिनीत खचून कित्येक फूट खोल गेले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने जीवितहानी झाली नाही. हा भाग जुन्या भूमिगत खाणीच्या क्षेत्रावर वसलेला असून घटनेनंतर परिसरातील कुटुंबांना हलवावे लागले. खाण बंद झाली तरी तिच्या पोकळीपासूनच्या अंतराचा प्रश्न संपत नाही, हे या घटनेवरून दिसून आले.

निर्गममार्ग व वाहतूक मार्ग

प्रत्येक भूमिगत खाणीस भूपृष्ठावर येण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग असावे लागतात. ते एकमेकांपासून कोठेही १३.५ मीटरपेक्षा जवळ नसावेत, म्हणजे एका मार्गावरील आग अथवा पडझड दुसऱ्यास सहजी बाधत नाही. दोन्ही मार्गांना जोडणारी वाट किमान १.२ मीटर रुंद व १.८ मीटर उंच असावी लागते. कामगारांच्या ये-जा मार्गांचीही उंची किमान १.८ मीटर असते.

दोराने टब ओढले जातात अशा उतारावर दोर तुटून टब सुटणे हा जुना धोका आहे. म्हणून वाहतूक मार्गाच्या भिंतीत माणसास आश्रय घेता येईल असे कोनाडे ठेवतात. त्यांस ‘मॅनहोल’ म्हणतात. त्यांमधील अंतर १० मीटरहून अधिक नसावे. उतार सहास एक यापेक्षा कमी असेल तर ते २० मीटरपर्यंत चालते. मॅनहोल आतून, तसेच तोंडाभोवती चुन्याने पांढरे करावे लागते, म्हणजे कॅप लॅम्पच्या प्रकाशात ते चटकन दिसते. त्यात सामान अथवा कोळसा ठेवण्यास मनाई असते. भरलेल्या मॅनहोलचा धावणाऱ्या माणसास उपयोग नसतो.

हवा व अंतर

कोळशातून बाहेर पडणारा मिथेन वायू हवेत सुमारे ५ ते १५ टक्के प्रमाणात मिसळल्यास स्फोटक बनतो. त्यामुळे ताजी हवा कोळशाच्या तोंडापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. त्यासाठी लावलेले पडदे अथवा हवानलिका तोंडापासून ४.५ मीटरच्या आत ठेवाव्या लागतात. परतीच्या हवेत मिथेनचे प्रमाण ०.७५ टक्के व खाणीत अन्य कोठेही १.२५ टक्के यापेक्षा अधिक नसावे. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताजवळ साचतो. म्हणून त्याची तपासणीही छतालगत करतात.

नकाशाचे स्थान

वरील सर्व अंतरे नकाशावर मोजली जातात. म्हणून खाणीचा नकाशा हेच सुरक्षेचे मूळ साधन होय. भूमिगत नकाशा ठरावीक मुदतीत अद्ययावत करणे, शेजारच्या खाणीचे हद्दीपासून ६० मीटरच्या आतील खोदकाम त्यावर दाखविणे आणि खाण बंद करताना अंतिम नकाशा खाण सुरक्षा यंत्रणेकडे जमा करणे ही कर्तव्ये नियमांत सांगितली आहेत.

जुन्या खाणींच्या बाबतीत येथेच अडचण येते. राष्ट्रीयीकरणापूर्वी अनेक लहान मालकांनी खाणी चालविल्या. बंद करण्याच्या सुमारास शेवटच्या दिवसांत घेतलेला कोळसा नकाशावर चढला नसेल, तर कागदावर ६० मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात बरेच कमी असते. सर्वेक्षणातील लहान चूकही लांब गॅलरीच्या टोकाशी मोठी होते. आगाऊ भोके पाडण्याचा नियम केवळ पाण्यासाठी नसून नकाशावर पूर्ण विसंबून राहू नये यासाठीही आहे.

प्रमुख दुर्घटना

- न्यूटन चिखली (डिसेंबर १९५४) : छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाजवळच्या या खाणीत पाणी घुसून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. यानंतर तीन वर्षांच्या आत १९५७ चे विनियम लागू झाले.
- सिल्लेवाडा (१८ नोव्हेंबर १९७५) : नागपूर जिल्ह्यातील या खाणीत पाणी घुसून १० कामगारांचा मृत्यू झाला.
- चासनाला (२७ डिसेंबर १९७५) : सिल्लेवाडा दुर्घटनेनंतर ३९ दिवसांनी धनबादजवळील या खाणीत ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. पाण्याने भरलेल्या जुन्या खोदकामातील पाणी खालच्या खोदकामात शिरले. ही भारतातील सर्वांत मोठ्या खाण दुर्घटनांपैकी एक आहे.
- महाबीर (१३ नोव्हेंबर १९८९) : पश्चिम बंगालमधील राणीगंज क्षेत्रातील या खाणीत पाणी शिरून ७१ कामगार अडकले. त्यांपैकी ६ दगावले. उर्वरित ६५ जणांना अभियंता जसवंत सिंग गिल यांच्या नेतृत्वाखाली, वरून पाडलेल्या मोठ्या भोकातून पोलादी कॅप्सूलद्वारे बाहेर काढण्यात आले.
- गासलीटांड (२७ सप्टेंबर १९९५) : अतिवृष्टीमुळे कत्री नदीचे पाणी खाणीत घुसून ६४ कामगारांचा मृत्यू झाला.
- बागडिगी (२ फेब्रुवारी २००१) : शेजारच्या बंद जयरामपूर खाणीतील पाणी शिरून २९ कामगार मृत्युमुखी पडले.

या यादीतील घटना वेगवेगळ्या राज्यांतील व काळांतील असल्या, तरी सर्वांत पाणी हेच समान कारण आहे. न्यूटन चिखली, सिल्लेवाडा व चासनाला या घटनांनंतर आणि नियम अस्तित्वात असतानाही गासलीटांड व बागडिगी घडले, यावरून नियमातील आकडा व प्रत्यक्षातील अंतर यांत फरक राहू शकतो हे स्पष्ट होते.

मर्यादा

विनियमांतील अंतरे किमान आहेत. खडकातील भेगा, भ्रंश, थराचा उतार व पाण्याचा दाब पाहून प्रत्यक्षात त्याहून अधिक अंतर ठेवावे लागते. एकच आकडा सर्व क्षेत्रांना सारखाच लागू करणे पुरेसे नसल्याने २०१७ च्या विनियमांनी खाणीनिहाय धोक्यांचे मूल्यमापन व छतनियंत्रणाचे नियोजन यांवर भर दिला. विदर्भातील अनेक भूमिगत खाणी आता बंद झाल्या असून कोळशाचा मोठा भाग खुल्या खाणींतून काढला जातो. खुल्या खाणी जुन्या भूमिगत गॅलऱ्यांच्या क्षेत्रात येतात तेव्हा, तसेच त्या गॅलऱ्यांवर वस्ती वाढते तेव्हा, जुन्या नकाशांचा व त्यांवर आधारलेल्या अंतरांचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो.

हेही पहा

- वर्धा नदी
- वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड
- चासनाला खाण दुर्घटना
- खाण अधिनियम, १९५२
- घुग्घुस